शांत साप हवाय, कोणता आणू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय २३, नोकरी करते. घरात आई-वडील, आजी, दादा-वहिनी आणि त्यांचा तीन वर्षांचा मुलगा. शाळेत असल्यापासून सापांची ओढ, आता स्वतःच्या कमाईतून एक पाळायचा आहे. बॉल पायथन की कॉर्न स्नेक, एवढंच ठरत नाही. बॉल पायथन शांत असतो, हातात बसून राहतो आणि कॉर्न स्नेक चपळ असतो, सारखा निसटतो, असं सगळीकडे वाचलंय. आईला सापाची भीती वाटते. शांत साप आणला तर तिची भीती जाईल आणि भाच्यालाही तो हातात घेता येईल, असं वाटतं. बॉल पायथनमधला ‘स्पायडर’ नावाचा रंगप्रकार फार आवडलाय. शिवाय ओळखीतलं एकजण बर्मीज पायथनचं पिल्लू फुकट द्यायला तयार आहे. दोन वर्षांनी पुढच्या शिक्षणासाठी बाहेर जायचा विचार आहे. ‘ताई, माझ्यासाठी कोणता योग्य?’

उत्तर:

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. साप घरी आणायचा आणि मग तो जेवत का नाही हे विचारत फिरायचं, अशी पत्रं मला जास्त येतात. तू आधी विचारलंस.

मधली बरीच चर्चा बाजूला ठेवून सांगायचं तर तू वर्णन केलेल्या घरासाठी मी कॉर्न स्नेक निवडेन. बॉल पायथनला माझा विरोध नाही, पण तू ज्या कारणासाठी त्याच्याकडे ओढली गेली आहेस, ते कारणच मला पटत नाही. बर्मीजचं पिल्लू मात्र घेऊ नकोस. आणि दोन वर्षांनी तू खरोखर बाहेर जाणार असशील तर यातलं कुठलंच जनावर आत्ता आणू नये, असंही वाटतं. त्याबद्दल पुढे बोलूच.

आधी ‘शांत’पणाचं. तुझी सगळी तुलना त्या एका गुणावर उभी आहे.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. तिथे त्याचा दिवस उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात जातो आणि अंधार पडला की तो बाहेर येतो. भक्ष्य जवळून जाईपर्यंत दबा धरून थांबायचं, ही त्याची शिकारीची पद्धत. संकट आलं तर पळून जाण्याऐवजी तो अंगाचं घट्ट वेटोळं करतो आणि डोकं मधोमध लपवतो. असा साप उजेडात, अनोळखी हातांत आला की काय करणार? गप्प राहणार. आपण त्याला ‘शांत आहे’ म्हणतो. कित्येकदा तो खरंच निवांत असतो, पण कित्येकदा नुसता भेदरलेला असतो.

हा फरक ओळखता येतो, फक्त जवळून बघावं लागतं. निवांत सापाची जीभ सावकाश, लयीत आत-बाहेर होत राहते, डोकं इकडून तिकडे वळतं, अंग सैल असतं आणि पोटाचे खवले तुझ्या मनगटावर एकेक करून पकड घेताना जाणवतात. घाबरलेल्याची मान मागे आखडलेली दिसते, जीभ थांबते, श्वास फुगून दिसायला लागतो आणि डोकं हळूच स्वतःच्याच अंगाखाली सरकतं. व्हिडिओत ‘किती गोड गोळा झालाय’ म्हणून दाखवतात तो बहुधा हाच क्षण.

आता कॉर्न स्नेक. हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, पाइनची जंगलं, शेतं, पडीक कोठारं इथे राहणारा. भक्ष्य शोधत फिरणारा, झाडावर चढणारा, फटीफटीत डोकं घालून बघणारा साप आहे. तो हातात थांबत नाही, कारण थांबणं त्याच्या स्वभावातच नाही. त्याला पकडून ठेवायचं नसतं. तो ज्या दिशेने निघाला असेल तिथे पुढचा हात ठेवायचा, मग त्याच्याही पुढे मागचा, आणि त्याला चालू द्यायचं. पहिले काही दिवस हे अवघड जातं, मग आपोआप जमतं. पिल्लू असताना तो बिचकतो, शेपटी थरथरवतो, तोंड मारल्याचा आव आणतो, क्वचित विष्ठाही टाकतो. मोठा होईल तसं हे बहुतेकांत कमी होतं. चावलाच तरी दात बारीक असतात, साबण-पाण्याने धुण्यापुरतं काम.

म्हणजे तुझ्यापुढची निवड शांत की चपळ अशी नाहीच. एक साप लपून राहणारा आहे, दुसरा फिरणारा. तुला रोज बघायला मिळणारं जनावर हवं असेल तर संध्याकाळी काचेमागे फांदीवरून खाली येणारा कॉर्न स्नेक तुला जास्त काही देईल. दिवसभर बिळात बसलेला आणि रात्री उशिरा बाहेर येणारा साप ज्यांना चालतो, नव्हे आवडतो, त्यांनी बॉल पायथन जरूर पाळावा. तू रात्री किती वाजता झोपतेस, हा प्रश्न इथे सापाच्या रंगापेक्षा महत्त्वाचा आहे.

आईबद्दल. शांत सापामुळे तिची भीती जाईल असं तू गृहीत धरलं आहेस. मला वाटतं, सापांना घाबरणाऱ्या माणसाच्या डोक्यात मुख्य प्रश्न एकच असतो, की तो बाहेर आला तर? त्यामुळे आईसाठी प्रजातीपेक्षा पेटीचं कुलूप मोठं. समोरून सरकत्या काचांची, कुलूप लागणारी पेटी आधी आण. वायर आत जाते ती भोकं आणि हवेच्या जाळ्या नीट तपास. कॉर्न स्नेकचं पिल्लू पेन्सिलीएवढं बारीक असतं आणि ज्या फटीतून त्याचं डोकं जातं तिथून सगळं अंग जातं. ती पेटी घरात महिनाभर रिकामीच चालव. कुलूप कोण लावणार, किल्ली कुठे राहणार हे आईसमोर ठरू दे. ‘नाही’ म्हणायचा हक्क तिला खरोखर दे, कारण ते घर तिचंही आहे. तिच्या ‘बघू’ला होकार समजू नकोस.

भाच्याच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा जिवाणू पसरतो आणि साप दिसायला अगदी ठणठणीत असला तरी तो त्याच्याकडे असू शकतो. पाच वर्षांखालची मुलं, वयस्कर माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्याचा संसर्ग जड जातो. तुझ्या घरात यातली दोन माणसं आहेत. म्हणून मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत साप त्याच्या हातात द्यायचा नाही, मग तो कितीही शांत असो. पेटी तुझ्या खोलीत, आणि खोलीचं दार बंद. हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे. सापाचं पाण्याचं भांडं आणि पेटीतल्या वस्तू स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीही धुवायच्या नाहीत. मुलाने काचेतून बघावं, खाणं कसं गिळतो ते विचारावं, कात हातमोजे घालून तू दाखवावीस. बघण्यातही त्याला भरपूर मिळेल.

तुझ्या पत्रात ज्याचा उल्लेखच नाही ते म्हणजे खाणं, आणि माझ्या मते निवड ठरते ती इथेच.

दोन्ही साप उंदीर खातात. शाकाहारी साप नसतो. गोठवलेले उंदीर घरच्या फ्रीझरमध्ये नाहीतर वेगळ्या छोट्या फ्रीझरमध्ये ठेवावे लागतात. दिलेला उंदीर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा किंवा किंचित मोठा असावा. पिल्लांना साधारण आठवड्यातून एकदा, मोठ्यांना दहा-चौदा दिवसांनी. जिवंत उंदीर सोडू नये. त्यात उंदराचे हाल होतात हे एक, आणि कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाला कुरतडून गंभीर जखमा करतो हे दुसरं. खाल्ल्यावर निदान ४८ तास सापाला हात लावायचा नाही, नाहीतर तो ओकतो, आणि ओकणं सापाच्या तब्येतीला चांगलंच महाग पडतं.

कॉर्न स्नेक खाण्याच्या बाबतीत सरळ आहे. उंदीर वितळवून, कोमट करून लांब चिमट्याने समोर धरला की बहुतेक वेळा काम होतं. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, म्हणून उंदराचं डोकं अंगापेक्षा जरा गरम ठेवावं लागतं. उंदीर आधी पिशवीत घालून थंड पाण्यात वितळवायचा, मग गरम पाण्यात काही मिनिटं, बाहेर काढून कोरडा करायचा आणि लगेच द्यायचा. थोडा वेळ गेला आणि तो निवला की साप त्याला ओळखतच नाही. नुसता बघत राहतो, मग पाठ फिरवतो. तू परत पाणी गरम करतेस.

आणि हे सगळं बिनचूक करूनही बॉल पायथन उपास धरतो. कित्येक आठवडे, मोठा साप असेल तर कित्येक महिने. थंडीत, विणीच्या हंगामात, पेटी हलवल्यावर, कधी कळण्यासारखं काही कारण नसतानाही. निरोगी मोठा साप हे सहज सोसतो. पाळणाऱ्या माणसाला ते सोसत नाही. रोज खाणं पुढे करायचं, पेटी उघडून सारखं बघायचं, तापमान बदलायचं, आणि त्या त्रासानेच सापाचा उपास लांबतो. अशा वेळी वजनकाट्यावर ग्रॅममध्ये वजन टिपत राहणं आणि त्याला एकटं सोडणं हाच उपाय असतो. वजन एक दशांशाहून जास्त उतरलं, तोंडातून फेस-बुडबुडे आले, उघड्या तोंडाने श्वास चालू झाला तर मात्र डॉक्टर. तुझ्या स्वभावाला हे झेपेल का, ते तूच ठरवायचं आहे. पत्रात तू लिहिलंयस की मांजर एक वेळ जेवलं नाही तरी तुला झोप येत नाही. त्या एका वाक्यावरूनच मी कॉर्न स्नेककडे झुकले.

हवामानातही कॉर्न स्नेक सोपा. त्याला पेटीच्या एका टोकाला ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब आणि दुसऱ्या टोकाला २३-२४ अंशांचा गारवा लागतो, आणि बहुतेक घरांतला दमटपणा त्याला चालतो. बॉल पायथनला उबेची बाजू ३१ ते ३३, गार बाजू २५-२६ आणि बऱ्यापैकी दमट हवा लागते. हवा कोरडी राहिली की कात तुकड्या-तुकड्यांनी निघते, डोळ्यांवरचे पापुद्रे अडकून बसतात. ते नखाने किंवा चिमट्याने काढायला कधीही जाऊ नये, डोळा जातो. दमट शेवाळाची एक डबी लपायला दिली की पुढच्या कातीबरोबर बहुधा सुटतात.

साप कुठलाही असो, उष्णतेच्या मॅटला किंवा दिव्याला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आपोआप आवरणारं यंत्र, हवाच. पोट भाजलं तरी साप चटकन बाजूला होत नाही, त्यामुळे त्याशिवायच्या हीट मॅटवर फार वाईट भाजलेले साप बघायला मिळतात. लपायला दोन जागा, एक उबेत आणि एक गारव्यात, म्हणजे त्याला ऊब आणि सुरक्षितता यांत निवड करावी लागणार नाही. मोठ्या सापासाठी साधारण चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच पेटी धर. छोट्या डब्यात साप वर्षानुवर्षं जिवंत राहतो म्हणून तो तिथे बरा आहे असं होत नाही. सापाला पूर्ण लांब होता आलं पाहिजे. बॉल पायथनलाही वर चढायला फांदी दे. जमिनीवरचा साप म्हणून त्याची ख्याती असली तरी जंगलात तो झाडांवर चढतो आणि पक्षीही खातो.

‘स्पायडर’चं. नक्षी देखणी आहे, मान्य. पण ती नक्षी देणाऱ्या जनुकाबरोबरच मज्जासंस्थेचा दोष येतो. डोकं थरथरतं, साप उलटा होतो, भक्ष्यावर झडप घातली तर नेम चुकतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा सापांच्या आतल्या कानाची रचनाच बिघडलेली आढळली. हा दोष कमी-जास्त दिसतो, पण चांगल्या पैदाशीने तो निघून जात नाही. असा साप विकत घेतला की पुढची पिलावळ काढायला आपणच पैसे पुरवतो. साध्या तपकिरी-काळ्या बॉल पायथनची नक्षी एकदा उन्हात बघ. मला तरी तिच्यापुढे बाकीचे रंग फिके वाटतात.

बर्मीज पायथनबद्दल थोडक्यात. अंड्यातून निघताना तो दोन फुटांच्या आसपास असतो आणि काही वर्षांत दहा-बारा फुटांच्या पुढे जातो. माद्या त्याहून मोठ्या होतात. फ्लोरिडात २०२३ मध्ये पकडलेली एक मादी १९ फूट भरली. एवढ्या सापाला एकट्याने हाताळू नये, तीन वर्षांच्या मुलाच्या घरात तो ठेवूच नये. पाळलेले आणि नंतर सोडून दिलेले किंवा निसटलेले असेच साप फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या दलदलीच्या प्रदेशात माजले आणि तिथली रॅकून, ओपॉसमसारखी सस्तन जनावरं कित्येक भागांत दिसेनाशी झाली. छोट्या सापानेही असं होतं. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर पाळीव जातीतल्या कॅलिफोर्निया किंगस्नेकने तिथल्या मोठ्या पालींचा जवळजवळ फडशा पाडलाय. म्हणून कोणताही साप, कितीही कंटाळा आला तरी, बाहेर सोडायचा नाही.

तुझ्यासारखा प्रश्न असलेल्या इतर वाचकांसाठी अजून दोन-चार नावं. किंगस्नेक टणक आणि खादाड, पण साप खाणारा, म्हणून दुसऱ्या सापाबरोबर ठेवायचा नाही. (तसे कॉर्न आणि बॉल पायथनही एकेकटेच ठेवावेत. जोडीदार हवा असतो हा आपला समज आहे.) वेस्टर्न हॉगनोझ छोटा आणि गमतीदार, पण मागच्या दातांत सौम्य विष असतं, चावून धरला तर हात सुजतो. उंदीर घरात नकोच असणारे कित्येकजण अंडी खाणाऱ्या आफ्रिकन सापाकडे वळतात. त्याच्या पिल्लांना इतकी छोटी पक्ष्यांची अंडी लागतात की ती मिळवणं उंदरांपेक्षा कठीण. गार्टर स्नेक मासे आणि गांडुळं खातो, पण गोल्डफिशसारख्या काही माशांवर ठेवला तर त्याला ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता होते.

कायदा तू आधी बघ, साप नंतर. न्यूझीलंडमध्ये आणि हवाई बेटांवर सापच पाळता येत नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी साप पकडणं-पाळणं बेकायदा आहे, आणि सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांमधल्या परदेशी प्रजातींची सरकारकडे नोंदणी करावी लागते. बॉल पायथन त्या यादीत आहे, कॉर्न स्नेक नाही. तू जिथे राहतेस तिथल्या वन खात्याकडून आजचा नियम लेखी विचार. विकणाऱ्याचं ‘काही होत नाही’ पुरेसं धरू नकोस.

आता दोन वर्षांचा प्रश्न. कॉर्न स्नेक नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, बॉल पायथन वीस-तीस. सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीने २०२० साली, साठी उलटल्यावर, अंडी घातली होती. तू आज जे पिल्लू आणशील ते तुझ्या शिक्षणात, पहिल्या भाड्याच्या घरात, कदाचित लग्नानंतरही तुझ्याबरोबर असेल. दुसऱ्या देशात साप नेणं म्हणजे परवानग्या, कधी सरळ मनाई. मग तो मागे राहणार आणि आईच्या गळ्यात पडणार, म्हणजे ज्या एका माणसाला त्याची भीती वाटते तिच्याच. हे तिच्यावर आणि सापावर दोघांवर अन्यायाचं होईल.

म्हणून जाणं नक्की असेल तर थांब, आणि ही दोन वर्षं वाया घालवू नकोस. साप पाळणारं कुणी माहीत असेल तर त्यांच्याकडे जाऊन खाणं देताना, पेटी साफ करताना हात लाव. ते गावाला गेले की सापाला सांभाळ. दोन्ही प्रजाती हाताळून बघ. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर शोधून ठेव, कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर सापाला हात लावत नाहीत. जाणं रद्द झालं, किंवा दादा-वहिनींपैकी कुणी मनापासून, लिहून दिल्यासारखी जबाबदारी घेतली, तर कॉर्न स्नेक आण.

आणताना पिंजऱ्यातच जन्मलेला घे. पश्चिम आफ्रिकेतून निर्यात होणारे कित्येक बॉल पायथन जंगलातल्या गाभण माद्या किंवा गोळा केलेली अंडी यांतून आलेले असतात, आणि ते बरोबर परजीवी व उपासाची खोड घेऊन येतात. साप हातात घेतल्यावर खवल्यांच्या फटीत, हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडेला काळे ठिपके हलताना दिसतात का बघ, ते गोचिडीच्या जातीचे बारीक किडे असतात. पाठीचा कणा बाहेर आलेला नसावा, नाक-तोंड कोरडं असावं. आणि विकणाऱ्याला तुझ्यासमोर त्याला खाऊ घालायला सांग. गोठवून वितळवलेला उंदीर त्याने निदान तीन-चार वेळा सलग खाल्ल्याच्या तारखा त्यांच्याकडे असायला हव्यात. तारखा सांगता येत नसतील, किंवा ‘जिवंतच खातो’ असं उत्तर आलं, तर तिथून रिकाम्या हाताने परत ये.